उजवा, डावा, उजवा

लेकीला शाळेच्या फ्लॅग फुटबॉल टीममध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून खेळ चालवणारी, केलं, त्याचं कारण एकच होतं. चाचणीला आलेल्या मुलींत सगळ्यात लांब बॉल तिने फेकला. रात्री जेवताना तिने हे सांगितलं आणि माझी मान आपोआप ताठ झाली. तो हात माझा होता ना! म्हणजे तिचाच, पण घडवलेला मी. ती पाच-सहा वर्षांची असल्यापासून आम्ही घरामागच्या गवतावर टेनिस बॉल फेकतोय. डोंबिवलीच्या टेनिस बॉल टुर्नामेंटांत मी कव्हरला उभा राहायचो आणि तिथून थेट स्टंप उडवायचो (दहातून दोनदा, पण आठवणीत तेच दोन राहतात). तेच तिला शिकवलं होतं: हात पुरता मागे ने, डावा पाय लांब टाक आणि सगळं अंग झोकून सोड.

"आता डिसेंबरपर्यंत तू काही कामाचा नाहीस," बायको म्हणाली.

आम्ही अटलांटाच्या उत्तरेला, जॉन्स क्रीकच्या बाजूला राहतो. जॉर्जियात 2020 पासून मुलींचं फ्लॅग फुटबॉल हा शाळांचा अधिकृत खेळ आहे. हेल्मेट नाही, अंगावर धडकणं नाही. कमरेला पट्टा, पट्ट्याला लटकणाऱ्या फितींसारख्या झेंड्या. बॉल घेऊन पळणारीची झेंडी ओढली की खेळ तिथे थांबला. बाकी सगळं, म्हणजे बॉल कधी, कुठे आणि कोणाकडे फेकायचा हे, मोठ्या, म्हणजे अमेरिकन, फुटबॉलसारखंच. हा खेळ 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आहे, आणि गंमत म्हणजे त्याला मंजुरी मिळाली ती मुंबईत, ऑक्टोबर 2023 मध्ये, क्रिकेटला मिळाली त्याच बैठकीत. तेव्हा ती बातमी मी फक्त क्रिकेटपुरती वाचली होती. फ्लॅग फुटबॉल हे शब्द डोळ्यांखालून गेले असतील तर ते तसेच पुढे निघून गेले.

पहिल्या आठवड्यात सराव बघायला कुंपणाबाहेर उभा राहिलो. कोच शाळेत जीवशास्त्र शिकवतात. कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलेल्या. त्यांनी लेकीला दहा यार्डांवरच्या मुलीकडे दहा बॉल फेकायला लावले. दहा यार्ड म्हणजे आपल्या क्रिकेटच्या पिचच्या अर्ध्याहून कमी. दहातले सहा बॉल त्या मुलीच्या डोक्यावरून गेले. एक थेट माझ्यासमोरच्या जाळीवर येऊन आदळला. चाळीस यार्ड फेकणाऱ्या पोरीला दहा यार्ड जमेनात.

आता कोच हाताबद्दल काहीतरी सांगणार, म्हणून मी कान टवकारले. त्या चक्क गवतावर मांडी घालून बसल्या आणि पुढचे पाच बॉल नुसते तिचे बूट बघत राहिल्या. बॉल कुठे गेला हे एकदाही मान वळवून पाहिलं नाही. मग उठून म्हणाल्या, "हात छान आहे. दोन आठवडे तो वापरायचा नाही."

दुसऱ्या दिवशी आमच्या ड्राइव्हवेवर खडूच्या रेघा आल्या.

सेंटर म्हणजे खेळ सुरू करताना बॉल मागे देणारी मुलगी; तिच्यापासून काही यार्ड मागे उभं राहून बॉल घ्यायचा, याला शॉटगन म्हणतात. बॉल हातात आला की उजव्या हाताने फेकणारी क्वार्टरबॅक तीन पावलं मागे जाते: उजवा, डावा, उजवा. पहिलं पाऊल लांब, कमरेतून वळून. दुसऱ्याला डावा पाय उजव्याला ओलांडून आडवा जातो. तिसऱ्याला उजवा पाय रोवायचा. हे करताना नजर समोर मैदानावर आणि बॉल दोन्ही हातांत छातीपाशी. वाचताना यात काय मोठं, असं वाटेल. मलाही वाटलं होतं, म्हणून मी बायकोसमोर करून दाखवायला गेलो आणि दुसऱ्या पावलाला माझाच पाय माझ्या पायात अडकला.

लेक पडत नव्हती, पण तिसऱ्या पावलाला ती घसरल्यासारखी मागे जायची. वजन टाचेवर, छाती आभाळाकडे. कोचचं म्हणणं असं की उजवा पाय टेकला की मागे जाणं तिथल्या तिथे संपलं पाहिजे आणि डोकं दोन पायांच्या मधोमध राहिलं पाहिजे. भार उजव्या तळव्याच्या आतल्या कडेवर, अंगठ्याच्या मुळाशी. भार टाचेवर गेला की आधी तो पुढे आणायचा आणि मग फेकायचं, यात वेळ जातो. आणि वेळ असतो किती? एनएफएल या इथल्या व्यावसायिक लीगमधल्या कसलेल्या क्वार्टरबॅकचा बॉलसुद्धा सरासरी अडीच-पावणेतीन सेकंदांत हातातून सुटतो.

तर रोज पन्नास वेळा उजवा, डावा, उजवा. बॉलशिवाय. शेजारचे गृहस्थ कुत्र्याला फिरवताना थांबायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, हे तुमच्याकडचं नृत्य आहे का?

पाय नीट पडले की फेक नीट होते, एवढं तर कोणीही मान्य करेल. पण पाय हे क्वार्टरबॅकचं घड्याळही असतं, हे कळायला मला महिना लागला. समजा एका मुलीने पाच-सहा यार्ड पळून गर्रकन मागे वळायचं आहे. तिच्यासाठी बॉल तिसरं पाऊल टेकताक्षणी सुटला पाहिजे, ती वळायच्या आधी. ती अडकलेली असेल तर पुढे एक छोटी सरक मारायची, तिला हिच म्हणतात, आणि त्या सरकेबरोबर नजर दुसऱ्या मुलीवर. आणखी एक सरक, तिसरी मुलगी. प्रत्येक मुलीने किती पळायचं ती लांबी या पावलांना बांधलेली असते. लेक करायची काय, तर पाय रोवून उभी राहायची आणि कोण मोकळं दिसतंय याची वाट बघायची. दिसलं की फेकायची. बॉल पोचेपर्यंत समोरची बचाव करणारी तिथे हजर. हे तिला समजावताना मला आमची सकाळची लोकल आठवली. गाडी थांबल्यावर चढू म्हणाल तर डोंबिवलीला तुम्ही कधीच चढणार नाही. डबा अजून सरकत असतानाच हात दांडीवर हवा. तिने ऐकून घेतलं. लोकल तिने आयुष्यात दोनदा पाहिली आहे, तीही दुपारी दोनची.

सप्टेंबरात हात वापरायची परवानगी मिळाली आणि बॉल पुन्हा डोक्यावरून जायला लागले. कमी, पण जायला लागले. तेव्हा मी फोन तिपाईवर लावून स्लो-मोशनमध्ये, सेकंदाला 240 फ्रेम घेत, तिच्या वीस फेकी टिपल्या आणि रात्री किचनच्या टेबलाशी बसून एक एक फ्रेम सरकवत पाहिल्या.

तिचा डावा पाय इतका लांब पडत होता की टाच आधी टेकायची. गुडघा ताठ. ताठ गुडघ्यामुळे कंबर मागेच अडकायची, आणि कंबर मागे म्हणजे डावा खांदा वर, उजवा खाली, उतरत्या छपरासारखा. त्यात उजवा हात सरळ होऊन पार पाठीमागे गेलेला. पाय टेकून झाला तरी हा अजून मागून यायचाच. अशा अंगातून सुटलेला बॉल वर जाणार नाही तर कुठे जाईल? चाळीस यार्डांना हे सगळं खपून जात होतं, कारण तिथे बॉल वरच जायला हवा असतो.

मग एक शंका आली म्हणून मी दुसऱ्या दिवशी बायकोच्या हातात फोन दिला आणि स्वतः टेनिस बॉल फेकला. दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लावले. तीच टाच, तोच ताठ गुडघा, तेच उतरतं छप्पर. सोडताना मान डावीकडे पडते, तीसुद्धा. जीभ बाहेर येते, तीसुद्धा! बायको हसत सुटली. मला हसू यायला जरा वेळ लागला.

माझ्या बाजूने एवढंच सांगतो की कव्हरवरून हीच फेक बरोबर असते. तिथे तुम्ही पळत येता, अंगात वेग असतो, तो लांब पावलातून फेकीत ओतायचा असतो. क्रिकेटचा बॉल 156 ते 163 ग्रॅमचा, टेनिसचा तर त्याहून कितीतरी हलका. हात कितीही मागून फिरवा, वेळेवर येतो. पूर्ण मापाचा फुटबॉल 400 ग्रॅमच्या आगेमागे असतो, आणि क्वार्टरबॅक जवळजवळ जागेवर उभी असते. तिला हात तितका मागे नेऊन परत आणायला सवडच नसते.

दुरुस्ती पायापासून सुरू झाली. डावं पाऊल वीतभर, जेमतेम. पंज्यावर टेकवायचं, आणि बोटं ज्या मुलीकडे फेकायचं तिच्या किंचित डावीकडे, म्हणजे कमरेला वळायला वाट राहते. पाय टेकला की कंबर वळते, खांदा मागून येतो, मग कोपर, सगळ्यात शेवटी मनगट. कोच म्हणायच्या, पाय टेकताना बॉल अजून कानापाशीच दिसला पाहिजे. व्हिडिओत आम्ही तेवढी एकच फ्रेम शोधायचो. हात आखूड करायला तिला कुंपणाला पाठ लावून, हातभर अंतरावर उभं केलं: हात जुन्या सवयीने मागे गेला की बोटं जाळीवर आपटणार. पहिल्या संध्याकाळी चार-पाच वेळा आपटली. मग अंगाला कळलं.

याच दिवसांत माझ्या आईचा बार्शीहून व्हिडिओ कॉल आला. लेक अंगणात फेकत होती, मी फोन तिच्याकडे वळवला. आई लहानपणी ज्वारी हुरड्याला आली की माळ्यावर उभी राहून गोफणीने पाखरं हाकायची. दोन फेकी बघून म्हणाली, "पोरगी हातानं फेकतीय नुसती. गोफण काय हातानं फिरती व्हय? कमरंनं फिरती." लेकीला गोफण म्हणजे काय हे माहीत नव्हतं, मग अर्धा तास त्यातच गेला, आणि शेवटी आजीने ओढणीचा तुकडा घेऊन बसल्या जागी गाठ कशी सुटते ते दाखवलं. आई बोलली ते अगदी बरोबर होतं. कोच तीन आठवडे तेच सांगत होत्या. पण दुसऱ्या दिवशी लेकीची फेक आदल्या दिवशीसारखीच होती. शब्द कानातून कमरेपर्यंत उतरायला फार दिवस घेतात.

मध्ये एक गाढवपणा झाला, तो माझा. कोणीतरी सुचवलं म्हणून एका खासगी शिबिरात तिला शनिवार-रविवार पाठवलं. दीडशे डॉलर. तिथे रडार गन होती आणि फळ्यावर प्रत्येकाच्या फेकीचा वेग लिहायचे. आकडा वाढवायचा तर पोरं काय करणार? लेकीने जुना लांब हात पुन्हा बाहेर काढला. आकडा वाढला, आणि सोमवारी कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. कोच मला काही बोलल्या नाहीत. तिला आठवडाभर फेकायचं नाही एवढं सांगितलं. ते न बोलणं मला जास्त लागलं.

नंतर त्यांनी मला आणखी एक नियम घालून दिला. घरी सराव घेताना एका दिवशी एकच सूचना. मी एका फेकीत "कोपर वर, पाऊल आखूड, डावा हात छातीशी घे" असं तीनही एकदम ओरडायचो आणि ती खांबासारखी ताठ व्हायची. एकच सूचना देणं किती अवघड असतं! तोंड दाबून बॉल झेलत राहायचं. झेलायचं काम माझंच होतं, आणि डाव्या हाताची करंगळी बॉलच्या टोकाला लागून जी सुजली ती अजून पूर्ण वळत नाही.

झेलता झेलता मात्र कान तयार झाले. बॉल नीट सुटला की भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरत येतो आणि हवेत बारीक घुमतो. तो लटपटत आला की फडफड ऐकू येते. पकडीचा भाग तिने पटकन उचलला: करंगळी आणि अनामिका शिवणीच्या दोरीवर, तर्जनी टोकाकडे, बॉल आणि तळवा यांच्यात थोडी फट. सोडल्यावर अंगठा खाली वळलेला. याबद्दल तिला दोनदा सांगावं लागलं नाही, म्हणून मीही जास्त लिहीत नाही.

एका संध्याकाळी ती वैतागली. "बाबा, माहोम्स तर कसाही फेकतो! उडी मारून फेकतो, कडेने फेकतो. त्याला कोणी पाय बघ म्हणत नाही." पॅट्रिक माहोम्स हा एनएफएलमधला नावाजलेला क्वार्टरबॅक, आणि मुद्दा चुकीचा नव्हता. मी कोचना विचारलं, तर त्या म्हणाल्या, तो 2017 मध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात तिथे, दहावा निवडला गेला आणि त्या पूर्ण मोसमात एकच सामना खेळला, हे तिला माहीत आहे का? बाप बेसबॉलचा पिचर, म्हणजे तिथला बोलर, पोरगा फेकीतच वाढलेला, तरी वर्षभर बसून शिकला. पुढच्या वर्षी 50 टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे. मला स्वतःला एनएफएलच्याच दुसऱ्या क्वार्टरबॅकने, जॉश ॲलनने, जास्त धीर दिला. 2018 मध्ये सातवा निवडला गेलेला, हातात तोफ, पण पहिल्या मोसमात फक्त 52.8 टक्के पास पूर्ण, म्हणजे आपल्या माणसाने झेललेले. दुसऱ्या मोसमात 58.8. मग पाय आणि कंबर यांच्या क्रमावर सुट्टीत मेहनत घेतली आणि 2020 मध्ये 69.2. हे आकडे मी कागदावर लिहून फ्रिजवर लावले. लेकीने त्याखाली लिहिलं: "त्याचा बाबा क्रिकेट खेळत नव्हता."

कोचना बेसबॉलची ओढ असल्यामुळे त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती या गावाचीच आहे. 8 एप्रिल 1974 ला अटलांटाच्या मैदानावर हँक ॲरनने 715 वा होमरन, म्हणजे बेसबॉलमधला षटकार, मारून बेब रूथचा विक्रम मोडला. तो बॉल बुलपेनमध्ये, म्हणजे पिचर हात मोकळा करतात त्या जागेत, उभ्या असलेल्या टॉम हाऊस नावाच्या पिचरने झेलला. पुढे हेच हाऊस फेकीचे गुरू झाले आणि टॉम ब्रेडी, ड्रू ब्रीज यांच्यासारखे क्वार्टरबॅक त्यांच्याकडे फेक घासूनपुसून घ्यायला जायचे. एका खेळातली फेक दुसऱ्या खेळात नेता येते, याचा दाखला म्हणून त्यांनी हे सांगितलं असावं. माझ्यासमोर सांगितलं, म्हणून मी तो टोमणाही समजलो.

ऑक्टोबरात सामने सुरू झाले. पहिल्या सामन्यात ड्राइव्हवेवरचं सगळं दहा मिनिटांत वाहून गेलं. समोरून झेंडी ओढायला येणारी मुलगी दिसली की लेकीचे पाय जागच्या जागी नाचायला लागायचे, तापलेल्या फरशीवर अनवाणी उभं राहिल्यासारखे. इथे त्याला हॅपी फीट म्हणतात. त्यात आनंदी काय असतं कोण जाणे. नाचणारे पाय रोवले जात नाहीत, मग नुसता हात फेकतो, आणि दोन बॉल थेट समोरच्या टीमच्या हातात गेले. गाडीत ती काही बोलली नाही. मीही नाही. एका दिवशी एक सूचना, आणि त्या दिवशीची मी वापरून टाकली होती.

त्यानंतर कोचनी नवा सराव सुरू केला. तीन पावलं मागे जायचं, आणि मग कोच हाताने दाखवतील तिकडे सरकायचं: डावीकडे, पुढे, उजवीकडे, मागे. पाय एकमेकांना लागू द्यायचे नाहीत आणि ओलांडायचेही नाहीत, खांद्याच्या रुंदीइतकं अंतर कायम. हात खाली आला की जिथे असाल तिथून फेक. अट एकच, पाय कधीही फेकायला तयार असले पाहिजेत. हे ती ड्राइव्हवेवर बायकोबरोबर करायची, कारण बायको हात दाखवताना मध्येच ओरडून सूचना देत नाही. महिन्याभराने एका सामन्यात मी पाहिलं की समोरची मुलगी धावत आली, लेक दोन छोटी पावलं डावीकडे सरकली, पाय परत तसेच, आणि आठ-नऊ यार्डांचा पास मुलीच्या छातीवर. लांबचा नव्हता, कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कोचनी वहीत काहीतरी लिहिलं.

शेवटचा सामना थंडीत होता. चौथ्या क्वार्टरला चारेक मिनिटं राहिली होती आणि आम्ही मागे होतो. बॉल तिच्या हातात आला: उजवा, डावा, उजवा. पाय रोवला, डोकं मधोमध. पहिली मुलगी झाकलेली. एक सरक. वीतभर पाऊल, पंज्यावर. बॉल सुटला.

लोक ओरडले. मी शेजारच्या बाईंना विचारलं, "पकडला का?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही इथेच उभे आहात ना?"

मी तिचे बूट बघत होतो. बॉल मुलीच्या दोन्ही हातांत बसून निसटला होता, थंडीत बोटं आखडतात. सामना आम्ही हरलो. गाडीत बसल्यावर तिने हीटर लावला, हातमोजे काढले आणि पहिला प्रश्न केला, "शेवटच्या पासचा व्हिडिओ घेतलास ना?"

फोन पूर्ण वेळ माझ्या खिशात होता.